डावा तळहात

"हिरवा ठिपका दिसतोय न्हवं, मावशी?"

"दिसतोय की."

संघप्रियाने बटण दाबलं. फोटो पुन्हा तिरका आला. शाहूपुरीतल्या या दवाखान्यात ती सात वर्षं डोळ्यांचे फोटो काढत होती. उजवा डोळा कॅमेऱ्यासमोर ठेवून डाव्याने ठिपक्याकडे पाहिलं, की दोन्ही डोळे स्थिर राहतात. समोर बसलेल्या रुद्राणींचे राहत नव्हते. उजव्या हाताच्या शिरेत टोचलेला रंग रक्तात उतरला होता. डोळ्यातल्या सुजलेल्या शिरांतून तो कुठे पाझरतो, हे पुढच्या दहा मिनिटांत टिपायचं होतं.

तिने हिरवा दिवा बंद केला.

"आता?"

"दिसतोय."

केसपेपरवर 'डावा डोळा : ठीक' असं लिहिलेलं होतं.

"मावशी, मघाशी अक्षरांचा तक्ता कसा वाचलासा?"

"माझ्या पुढची चौघं मोठ्यानं वाचत हुती. पाठ झाला." मग रुद्राणी दाराकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नगंस. घराला कुलूप लावून पुण्याला पोराकडं न्हेऊन ठेवतील."

"काकांना न्हाय सांगत. डॉक्टरांना सांगणार. डाव्यालाबी सूज असली तर औषध आत्ताच पायजे."

रुद्राणींचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या पेटीवर गेला. संघप्रियाने ते पाहिलं.

"पूजेला लिंग कुठल्या हातावर घेता?"

"डाव्या."

"तसाच हात धरा. नजर तिथंच ठेवा. दिसू दे, न दिसू दे."

तळहात वर आला आणि डोळे जागेवर थांबले. मॉनिटरवर शिरा स्वच्छ उमटल्या. दोन ठिकाणी रंग पांढुरका फुटला होता. थोड्या वेळाने हात खाली येऊ लागला. संघप्रियाने दार उघडून त्यांच्या नवऱ्याला, चनबसाप्पांना, आत बोलावलं.

"काका, मावशींच्या हाताला जरा आधार द्या."

चनबसाप्पांनी आपला हात खाली लावला आणि रुद्राणींचा तळहात चार बोटं वर उचलला.

"पूजेला हितं असतो हिचा."

उजव्या डोळ्याचं काम झालं. संघप्रिया रुद्राणींकडे बघत थांबली.

"डाव्याचाबी काढा," चनबसाप्पा म्हणाले.

रुद्राणींची हनुवटी कॅमेऱ्याच्या टेकूवरून उचलली. "तुम्हास्नी कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? चार म्हयनं झालं, फूल ठेवायच्या आधी बोटानं लिंग चाचपतीस. पूजेला मी काय डोळं मिटून बसतो व्हय?"

"मग बोलला न्हाईसा ते?"

चनबसाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल उगाच सारखा केला.

"पोराला कळलं असतं तर मलाबी जायला लागलं असतं की."

संघप्रियाने केसपेपरवरचं 'ठीक' खोडलं आणि कॅमेरा डाव्या बाजूला सरकवला.

"हनुवटी टेकवा, मावशी."

रुद्राणींनी हनुवटी टेकवली. डावा हात वर धरला, आणि खाली नवऱ्याचा हात यायची वाट पाहत राहिल्या.