मास्टर मेंगची पिवळी चरबी

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या सोम्योन भागातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, सकाळी दहालाच बायकांची झुंबड उडाली होती. दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग, आत गाद्यांना गाद्या चिकटलेल्या. निम्म्या बायका कमरेत वाकून, भिंत धरत आलेल्या. सैल कपड्यांखाली घट्ट पट्टे. खालच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर एक कॉस्मेटिक सर्जरीचा दवाखाना. तिथे नळीने चरबी काढून घ्यायची आणि सूज उतरेना म्हणून घाबरून वर मास्टर मेंगकडे यायचं, असा हल्ली रिवाजच पडला होता.

मास्टर पांढऱ्या रेशमी अंगरख्यात मधोमध उभा होता.

"डॉक्टर नळी खुपसतो आणि अर्धी चरबी आत तशीच सोडतो!" तो गरजला. "मी खुपसत नाही, ओढत नाही. मी फक्त हाक मारतो. ये बाई, बाहेर ये! आणि ती येते. विज्ञान दमून खाली बसतं ना, तिथून माझा तळहात कामाला लागतो!"

बरणीतलं पाणीदार मलम त्याने एका बाईच्या कुशीवर थापलं आणि डोळे मिटून चोळायला सुरुवात केली. मिनिटभरात त्याच्या बोटांखालून पिवळे, लोण्यासारखे गोळे सुटू लागले. पांढऱ्या बशीत टपाटपा पडले.

"अगंबाई! बघा, बघा, चरबीच ती!"

मागच्या रांगेतून कुणीतरी खो-खो हसलं. सगळ्या माना वळल्या. बान सुन-इम होती ती. वय साठ, अंगाने काडी. एकतीस वर्षं सार्वजनिक स्नानगृहात बायकांची अंगं घासून मळ काढायचं काम करणारी. शेजारी तिची भाची सोल-आ शरमेने लाल झाली होती. पोट आणि मांड्यांची शस्त्रक्रिया होऊन तिला नऊ दिवस झाले होते. तिला एकटीने बसमध्ये चढता येईना, म्हणून मावशी सोबत आली होती.

"मावशी, गप ना! सगळे बघतायत."

"बघू देत. अगं, मी आयुष्यभर कातडी घासलीय. आतली चरबी अशी घामासारखी बाहेर यायला लागली, तर माझ्या घासण्याने निम्मं बुसान बारीक झालं असतं!"

निघता निघता सुन-इमने बशीतला एक गोळा रुमालात घेतला. घरी येऊन तवा तापवला. एका कडेला डुकराच्या मांसाची चरबी ठेवली, दुसऱ्या कडेला मास्टरचा गोळा. चरबी वितळून चरचरली. गोळा मात्र वितळेना. आक्रसला, वाळला आणि करपल्या कागदासारखा तव्याला चिकटला.

"बघितलंस? ही चरबी नव्हेच. आमच्या स्नानगृहात पोरी ट्यूबमधून एक जेल आणतात. चोळलं की आपोआप गोळे होतात त्याचे, आणि त्यांना वाटतं मळ निघाला. खरा मळ कसा असतो ते मला विचार! याने त्यात पिवळा रंग घातलाय, बस."

सोल-आ तव्याकडे बघतसुद्धा नव्हती. "मग माझी सूज का जात नाही? वजन उलट दीड किलोने वाढलंय. पोटाला हात लावला तर दगड लागतो. कुठे हात ठेवलाय तेही कळत नाही."

"जाईल गं! एवढं काय त्यात? त्या बावळट बायकांच्या नादी लागू नकोस म्हणजे झालं," असं म्हणून सुन-इम हसत हसत कामावर गेली.

तिथे ती चुकली. भाचीने खरा प्रश्न विचारला होता आणि तिने तो हसण्यावारी नेला.

चार दिवसांनी दुपारी ती लवकर घरी परतली, तेव्हा सोल-आ अंथरुणात निपचित पडली होती. दाबपट्टा कचऱ्याच्या डब्यात.

"हे काय? पट्टा का काढलास?"

"तू कामावर गेल्यावर टॅक्सीने परत गेले होते. मास्टर म्हणाले, पट्ट्याने ऊर्जा कोंडते. चालल्याने विखुरते. सात दिवस हलायचं नाही." सोल-आने तोंड भिंतीकडे वळवलं. "तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

सुन-इमने पांघरूण दूर केलं. दोन्ही मांड्या सुजलेल्या, जांभळ्या-हिरव्या. ते अपेक्षितच होतं. नळी तिथेच घातली होती. पण डावी पोटरी? शस्त्रक्रिया तर मांड्यांची झाली होती. ही एकच पोटरी टम्म फुगलेली, हाताला गरम लागणारी. जरा दाबली तर पोरगी किंचाळली.

"याला मास्टर काय म्हणाला?"

"सकाळी फोन केला होता. विष खाली उतरतंय म्हणाले. चांगलं लक्षण आहे म्हणे."

सुन-इम या वेळी हसली नाही. तिने टॅक्सी बोलावली.

इस्पितळात तपासणी झाली. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टर प्योबाईंनी लगेच रक्त पातळ करणारी औषधं सुरू केली आणि खुर्ची ओढून दोघींसमोर बसल्या.

"गुठळी वर सरकून फुप्फुसात गेली असती, तर आपण आत्ता बोलत नसतो. ऑपरेशननंतर थोडं थोडं चालायचं असतं ते याचसाठी. कुणी सांगितलं नव्हतं?"

"कागदावर होतं," सोल-आ पुटपुटली. "मी वाचला नाही. मला वाटलं, सूज म्हणजे ऑपरेशन फसलं."

"अहो, ऑपरेशनमध्ये चरबी सैल करायला पाणी भरतात. त्यातलं थोडं आत राहतं, त्यात सूज, म्हणून काटा आधी वरच जातो. शिवाय हा वजन उतरवायचा उपाय नव्हेच, घडण बदलायचा आहे. पहिले काही दिवस टाक्यांतून गुलाबी पाणी झिरपतं. काळे-निळे डाग जायला दोन-तीन आठवडे लागतात. कडकपणा, बधिरपणा कित्येक महिने रेंगाळतो. खरा आकार दिसायला तीन महिने धरा, कधी सहा."

सुन-इमला भुयारी रेल्वेच्या स्टेशनातल्या दवाखान्यांच्या झगमगीत जाहिराती आठवल्या. एक फोटो आधीचा, एक नंतरचा. मधले तीन महिने कुणीच छापत नाही. आणि त्याच मधल्या महिन्यांत मेंगसारख्यांचं दुकान चालतं.

भाचीचा धोका टळल्यावर, गुरुवारी ती पुन्हा चौथ्या मजल्यावर गेली.

"आलात? त्या दिवशी हसत होतात ना?" मास्टर गोड हसला. "संशयाची पण चरबी असते, ताई. मनावर चढते."

"हो ना. तीच उतरवायला आलेय." सुन-इमने बोलता बोलता बरणी उचलली, बोटभर मलम घेतलं आणि भिंतीवर टांगलेल्या मास्टरच्याच मोठ्या फोटोच्या काचेवर, बरोबर पोटावर थापलं. मग एकतीस वर्षांच्या सवयीच्या हाताने चोळायला लागली. एक, दोन, दहा... काचेवरून पिवळे गोळे गळू लागले.

"ताईंनो, या, बघा! मास्टरच्या फोटोलाही चरबी सुटलीय!"

खोलीत हशा पिकला.

"फोटोत माझी शक्ती आहे, म्हणून..." मास्टर चाचरला.

"मग फोटो बारीक का होईना हो?"

एका बाईने बरणी हिसकावून पाण्याच्या कूलरवर प्रयोग केला. कूलरही चरबीवाला निघाला. दुसरीने खिडकीची काच धरली. मास्टर "ऊर्जा बिघडली, आजची बैठक रद्द!" असं ओरडत आतल्या खोलीकडे सरकला. जाताना बशी मात्र उचलायला विसरला नाही.

एक जाड चष्म्याची बाई अजून हटून बसली होती. "ते गोळे असतील खोटे. पण माझी कंबर सात सेंटिमीटर उतरली, ते काय?"

"ऑपरेशनला किती दिवस झाले?"

"सव्वीस."

"मग उतरणारच. माझ्या स्नानगृहात महिना-दीड महिन्याने, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली की बायका येतात. त्यांनी मेंगचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. त्यांचीही सूज उतरलेली असते. सूज उतरते तुमच्या शरीराच्या कष्टाने आणि हार घालता याच्या गळ्यात!"

चष्मेवाली रागाने उठून गेली. तिला पटलं की नाही, कोण जाणे. पण बाकीच्या हलल्या नाहीत. एकीने खालच्या आवाजात विचारलं, "ताई, माझ्या पोटावर गाठीसारखं लागतंय. असं असतं का हो?"

सुन-इमच्या ओठावर नेहमीचा टोमणा आला होता. तिने तो गिळला. "असतं बऱ्याच जणींना. पण मी डॉक्टर नाही. आजच दाखवून ये. डॉक्टरीणबाईंना विचार, समजलं नाही तर परत विचार. आणि एकच पाय सुजला, दुखला, धाप लागली, छातीत कळ आली, ताप चढला, तर वेळ न घालवता इस्पितळ गाठ."

मग तिने सोल-आची सगळी हकिकत सांगितली. स्वतःच्या हसण्यासकट.

शरीर बरं व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस कुठल्याही तळहाताने कमी होत नाहीत. भीती वाटली तर चमत्कार शोधू नका, कारण शोधा. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती अंग देऊ नका. आणि आपल्याला चार गोष्टी ठाऊक आहेत, म्हणून घाबरलेल्या माणसाला हसू नका. आपण हसून दार लावतो, तेव्हा तो मुकाट्याने मेंगच्या दारात जाऊन उभा राहतो.