चिखलाचा फोल्डर

शुक्रवारी सकाळी तात्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि बघतात तर काय, त्यांचा चिखल गायब.

आता तात्यांचा चिखल म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. तात्या रस्ते खात्यात मुकादम होते. सगळी हयात खडी, डांबर आणि रोलर यांच्यात गेलेली. जमिनीवर टाच आपटून तिच्या पोटात किती पाणी आहे ते सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, पण पैसे लावायचा नव्हे. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा एक जुना दोस्त होता, त्याला सगळे घड्याळजीच म्हणत. दर शनिवारी शर्यती सुरू व्हायच्या आधी दोघं फोनवर एकमेकांना आपापले घोडे सांगत आणि ज्याचे जास्त चुकतील त्यानं पुढचा आठवडाभर दुसऱ्याची बोलणी खायची. एवढाच काय तो जुगार.

घोडे निवडायला तात्यांकडे एक प्रोग्रॅम होता, मुलानं बसवून दिलेला. दर आठवड्याला झालेल्या शर्यतींच्या फाईली यायच्या. त्या फोल्डरात ठेवायच्या, मग प्रोग्रॅमला सांगायचं की अमुक फोल्डर वाच. तो त्यातल्या सगळ्या शर्यती वाचून प्रत्येक घोड्याला गुण देणार. बाकीची दुनिया हे फोल्डर वर्षांप्रमाणे लावते. तात्यांचं म्हणणं, वर्षाला काय चाटायचंय? घोडा काय कॅलेंडरावर पळतो? तो जमिनीवर पळतो. म्हणून त्यांनी तीनच फोल्डर केले होते : कोरडं, ओलसर आणि चिखल. टीव्हीवर शर्यत बघायची, खुरांखालून धूळ उडते, गवत उडतं की गोळे उडतात ते बघायचं आणि ती फाईल त्या त्या फोल्डरात ढकलायची. शनिवारी पावसाची चिन्हं असली की प्रोग्रॅमला हुकूम सोडायचा, बाबा रे, आज फक्त चिखल वाच. ही युक्ती अशी काही लागू पडायची की घड्याळजी बिचारा आठवडे न् आठवडे बोलणी खाऊन पुष्ट झाला होता.

आणि या शुक्रवारी बाहेर आभाळ गच्च भरलेलं, आणि पडद्यावर चिखल नाही. कोरडं नाही, ओलसरही नाही. त्यांच्या जागी वर्षांचे आकडे, एकाखाली एक, शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. वर्ष उघडलं की आत महिने. प्रोग्रॅम विचारत होता : फोल्डर सापडत नाही, दुसरा निवडा.

तात्यांनी कॉम्प्युटर बंद केला. परत चालू केला. वर्षं जागची हलली नव्हती.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता, दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. तात्या मात्र घाबरले, आणि त्याला कारण होतं. बायको गेल्यापासून ते या दोन खोल्यांत एकटे राहत. मध्यंतरी त्यांनी नळ उघडा टाकला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी ठिबकलं. एकदा घराच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात निघाल्या. तेव्हापासून मुलगी आणि मुलगा आपसात हळू आवाजात बोलू लागले होते. मुलीला घरात सगळेच ताई म्हणत, बापसुद्धा. ती म्हणाली, आता बास झालं एकटं राहणं, माझ्याकडे चला. ताईचं घर चांगलं, जावई चांगला, मागची खोलीही रिकामी. खोट काढायला जागा नव्हती. एवढंच की ते घर तात्यांचं नव्हतं.

शेवटी तात्यांनी तिच्याशी करार केला होता. "ज्या दिवशी मला माझे घोडे सांभाळता येणार नाहीत ना, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. पण तोवर हा विषय काढायचा नाही." ताई कबूल झाली, कारण बाप शब्दाला पक्का आहे हे तिला ठाऊक होतं. तात्या निर्धास्त झाले. घोडे काय, ते झोपेतही सांभाळतील.

आता ते तीच गोष्ट उलट्या बाजूनं विचारत बसले. हे आपण झोपेत तर नाही ना केलं? कारण खोटं कशाला बोला, एकदा मनात आलं होतं खरं. पिंट्या, म्हणजे त्यांचा मुलगा, नेहमी म्हणायचा, "तात्या, हे काय चिखल-बिखल, वर्षांप्रमाणे लावा की सरळ." आणि एकदा, त्याला बरं वाटावं म्हणून, लावून टाकू या असं तात्यांना वाटलं होतं. नुसतं वाटलं होतं की लावलंही होतं? वाटलं तेवढं स्वच्छ आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं. मग पुढचं घडलंच नाही, की घडलं आणि पुसलं गेलं? डोकं धरून ते बसले. या प्रश्नाला शेपूट सापडेना.

मग म्हणाले, काही बिघडलं नाही, परत लावू. एकेक फाईल उघडायची, जमीन कशी होती ते आठवायचं, की झालं. पहिली फाईल लगेच आठवली. त्या दिवशी जॉकींच्या पांढऱ्या विजारी पार चॉकलेटी झाल्या होत्या. चिखल. दुसरी आठवली, तिसरीही. चौथीला काही येईना. घोड्यांची नावं दिसत होती, कोण पहिला आला ते दिसत होतं, पण जमीन दिसेना. भरपूर फाईली आठवल्या त्यांना, पण माणूस एकदा घाबरला की आठवलेल्याचा हिशेब ठेवत नाही, न आठवलेल्याचाच ठेवतो. जेवणाची वेळ टळून गेली तरी तात्या तिथेच, आणि गोंधळ होता त्याहून दुप्पट झालेला. आपण आत्ता लावलेल्या फाईली कुठल्या आणि आधीच्या कुठल्या, हेही कळेनासं झालं.

शनिवारी पाऊस पडतच होता. तात्यांनी नाइलाजानं प्रोग्रॅमला चालू वर्षाचा फोल्डर दिला. त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं वाटाड्या नावाचा घोडा काढून दिला. वाटाड्या कोरड्यात वाऱ्यासारखा पळतो हे तात्यांना माहीत होतं. चिखलात तो काय करतो हेही माहीत होतं. पण हे माहीत असलेलं खरं धरायचं की पडद्यावरचं, हेच आता कळत नव्हतं. काल जे डोकं चौथ्या फाईलपाशी अडून बसलं, त्याच्या भरवशावर कसं चालायचं?

फोन वाजला. "बोला मुकादम," घड्याळजी म्हणाला, "माझी काजळरेघ. तुमचं काय?"

"वाटाड्या."

घड्याळजी म्हणाला, "अरे, बाहेर पाऊस बघितलास का?"

"बघितला."

"तरी वाटाड्या? डबकं दिसलं की उभा राहून विचार करतो तो?"

"वाटाड्या म्हटलं ना," तात्या म्हणाले आणि त्यांचा आवाज नको तितका चढला.

वाटाड्या शेवटून पहिला आला. तात्या खुर्चीत अंग चोरून बसले आणि घड्याळजीच्या फोनची वाट बघू लागले. आता धो धो बोलणी बसणार, बसू देत, हक्कच आहे त्याचा. फोन आला. घड्याळजी म्हणाला, "जेवलास का रे? नीट जेवत जा. आणि दुपारी जरा पडत जा, काय?" आणि हळूच फोन ठेवला.

चिडवलं नाही त्यानं! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तात्यांना वाटाड्याचं काही वाटलं नाही, पण हे मात्र फार लागलं. ज्याला चिडवायचं नसतं तो आजारी माणूस असतो. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते शर्टाच्या बाहीला पुसले आणि ताईला फोन लावला.

"ताई, ये. घेऊन जा मला."

रविवारी ताई आणि पिंट्या खोकी घेऊन आले. पिंट्या एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरची व्यवस्था बघायचा, त्यामुळे हातासरशी काम उरकायची त्याला सवय. आल्या आल्या त्यानं भांडी कागदात गुंडाळायला घेतली. ताईचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. इतके दिवस तीच मागे लागली होती, आणि आता बापाच्या सदऱ्यांच्या घड्या घालताना तिचा हात चालेना.

"पण तात्या, झालं काय नक्की?"

"घोडे गेले हातातून," तात्या म्हणाले. "मीच सगळं विस्कटलं आणि मलाच पत्ता नाही. बघ, तूच बघ."

ताई कॉम्प्युटरसमोर बसली. तिला शर्यतींतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्या दुकानाची बिलं ती कॉम्प्युटरवरच ठेवायची. तिनं वर्षांच्या फोल्डरांवरून नजर फिरवली आणि ते केव्हा तयार झाले ते बघितलं. मग मान वळवून बापाकडे बघितलं.

"तात्या, हे मागच्या रविवारी दुपारी केलंय."

"असेल. मला काय आठवतंय?"

"अहो, मागच्या रविवारी दुपारी तुम्ही माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतात! तुमच्या डोळ्यांत थेंब घातले होते. जिना दिसत नव्हता तुम्हाला, मी हात धरून उतरवलं. कॉम्प्युटर कुठला करताय?"

तात्यांना डॉक्टर आठवत होता, थेंबही आठवत होते. ताईच्या घरी चष्म्याशिवाय चाचपडत खाल्लेली भाजी आठवत होती. एवढं सगळं आठवत असताना ही साधी बेरीज आपल्याला सुचली कशी नाही?

"मग इथे कोण होतं?" ते म्हणाले.

पिंट्या खोक्याला दोरी बांधत होता. "मी होतो की. प्लंबर यायचा होता ना नळाला. त्याची वाट बघत बसलो होतो."

"कॉम्प्युटरला हात लावलास?" ताईनं विचारलं.

"छे! मी कशाला लावू?"

"इकडे ये. महिन्याच्या आकड्याआधी शून्य लावलंय बघ. असं शून्य लावून आपल्या घरात कोण लिहितं?"

पिंट्या आला, हातातली दोरी तशीच. वाकून बघितलं त्यानं. ऑफिसात रोज शंभरदा जशी लावतो तशीच सगळी मांडणी, रिकामे फोल्डर उडवून टाकायची सवयसुद्धा त्याचीच.

"ऑफिसचा फोन आला होता," तो सावकाश म्हणाला. "कायतरी बंद पडलं होतं तिकडे, साहेब ओरडत होता. मी बोलत होतो फोनवर. इथेच बसलो होतो का मी? खिडकीत उभा होतो बहुतेक..." त्यानं खुर्चीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "मला आठवत नाही, ताई. खरंच आठवत नाही."

तात्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. डोकं शाबूत होतं! चोर सापडला होता, आणि चोर कोण, तर किल्ल्यांवरून बापाला भाषण देणारा! जिभेवर एक खमंग वाक्य तयारही झालं होतं. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि पिंट्याच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं.

पिंट्या खोक्यावर बसला होता. वय चाळिशीच्या पुढचं, केस विरळ झालेले, आणि चेहरा पार उतरलेला. तो चूक कबूल करत नव्हता. तो आपल्याच डोक्यात काहीतरी शोधत होता आणि ते तिथे नव्हतं. ही भीती तात्यांना आतून बाहेरून ठाऊक होती. घटकाभरापूर्वीपर्यंत ते तिच्यातच मुक्कामाला होते.

"मी तुम्हाला किल्ल्यांवरून किती बोललो," पिंट्या म्हणाला. "आणि मी स्वतः... तात्या, हे असं कसं झालं?"

"अरे, होतं असं," तात्या म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच थबकले. नळाचं पाणी खाली गेल्या दिवसापासून हे एवढंच कुणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून ते वाट बघत होते. प्रत्येकानं काळजी केली होती, डॉक्टर सुचवले होते, खोली रिकामी केली होती. हे मात्र कुणी म्हटलं नव्हतं. ताई मान खाली घालून घडी घातलेला सदरा परत परत सारखा करत राहिली. तिलाही ते कळलं असावं.

"ऊठ," तात्या पिंट्याला म्हणाले. "ती दोरी ठेव खाली आणि खुर्ची घे. माझे तीन फोल्डर होते तसे करून दे. मग एकेक फाईल उघड, मी जमीन सांगतो."

पिंट्यानं फोल्डर केले, नावं लिहिली. पहिली फाईल उघडली. तात्या पुढे झुकले, घोड्यांची नावं वाचली, डोळे बारीक केले. काही म्हणता काही येईना.

"नाही आठवत," ते मोठ्यानं म्हणाले.

"मलाही नाही," पिंट्या म्हणाला. त्यानं आयुष्यात एकही शर्यत बघितलेली नव्हती.

ताई हसली, नाक पुसलं आणि त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. "मग राहू दे ती," ती म्हणाली. "पुढची उघडा."