क्वेबेकसाठी डबल घंटी

आर्वी डेपोचे निवृत्त कंडक्टर आनंदराव शेजारच्या नरहरशी अकरा वर्षं बोलले नव्हते. नरहर ड्रायव्हर. बावीस वर्षं दोघे एकाच एसटीवर. मग एका चतुर्थीला आनंदराव केळझरच्या गणपतीपुढे नारळ फोडायला उतरले आणि नरहर घंटी न होताच गाडी घेऊन नागपूरला गेला. गळ्यात तिकिटाचं मशीन, हातात अर्धा नारळ अशा थाटात आनंदराव दोन तास रस्त्यावर उभे राहिले. डेपोत नरहरनं लिहून दिलं, 'कंडक्टर गाडीत आहे असे वाटले.' हे वाक्य आनंदरावांना पचलं नाही. नरहरच्या तोंडून 'मुद्दाम' हा एकच शब्द ऐकायचा, मग खुशाल मरायचं, असा त्यांचा बेत होता.

यंदा नरहरच्या मुलीनं, मैत्रेयीनं, त्याला कॅनडातल्या क्वेबेकला बोलावलं. तिथे म्हणे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलींसाठी लांबच लांब वाट केलीय आणि माणसं तिच्यावर हौसेनं फिरतात. अट एकच. रविवारपर्यंत घरच्या व्यायामाच्या सायकलवर दोनशे किलोमीटर मारायचे, गुडघे टिकले तरच तिकीट. नरहर व्हरांड्यात त्या वाटेचा व्हिडिओ लावून पायडल मारू लागला. टीव्हीतून फ्रेंच पाट्या सरकत. एकही वाचता येत नसल्यानं तो प्रत्येकीला हॉर्न देई. तोंडानं.

आनंदरावांनी भंगारातून एसटीची घंटी आणली, कुंपणाशी बसले आणि एकदा मारली. टिंग.

नरहरचे पाय थांबले. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बावीस वर्षांची सवय. नरहरच्या बायकोनं, यशोदावहिनींनी, पळी ताटावर दोनदा आपटली. पाय ढिम्म. थांबायला कुणाचीही घंटी चालते; निघायला आपल्या कंडक्टरचीच लागते. डॉक्टर आला, गुडघ्यावर हातोडी मारून गेला. शनिवार उजाडला. बारा किलोमीटर बाकी.

"भाऊजी, मारा ना डबल," यशोदावहिनी कुंपणाशी आल्या. "माणूस सायकलवरच जेवून राह्यला."

"त्याले बोलू द्या."

नरहर टीव्हीकडे बघत म्हणाला, "मार बे."

"केळझरले मले काऊन सोडून गेलता?"

"वाटलं, तू मांगं बसला."

"मंग घंटी कोणं मारली?"

"तुह्या बापानं!"

आनंदराव शांतपणे घंटी पिशवीत घालू लागले.

"मुद्दाम गेलतो!" नरहर ओरडला. "चहाले टिंग, पानाले टिंग, नारळाले टिंग! गाडी मी चालवत होतो का तू? पुन्हा सापडला त पुन्हा सोडीन!"

अकरा वर्षांनी शब्द मिळाला आणि आनंदरावांना आणखीच राग आला. पण बोली ती बोली. टिंग टिंग.

जुलैत, संध्याकाळी सात वाजता, क्वेबेकहून मैत्रेयीचा फोन आला.

"काका, बाबा सायकलवाटेवर अडकलेत. मागून कोण्या बाईनं एकदा घंटी वाजवली अन् पायच हलेनात. मागं तीस-चाळीस सायकली उभ्या आहेत, सगळे फ्रेंचमध्ये ओरडून राह्यले. फोन स्पीकरवर आहे. डबल मारता का?"

आनंदरावांनी घंटी मांडीवर घेतली. पलीकडून नरहरच्या शिव्या स्वच्छ ऐकू येत होत्या, अगदी आर्वीतल्या. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"मारतो ना बेटा. नऊ वाजता फोन करजो," ते म्हणाले. "तोवर त्याच्या हातात अर्धा नारळ दे."