चौथ्या ओळीतला पहिला खण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून उभी असते. सात आडव्या ओळी, अठरा उभे रकाने, पायाशी दोन ओळींची बैठी पुरवणी आणि प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःचा खण. तुम्ही आवर्तसारणी कागदावर पाहता. मी तीच, पण लाकडातली.

मला घडवले सुतारकाकांनी. वरच्या ओळीत दोन टोकांना दोनच खण आणि मध्ये नुसती पोकळी, हे त्यांना काही पटेना. "एवढी जागा फुकट घालवायची?" म्हणत त्यांनी तिथे सोळा खण ठोकलेसुद्धा!

"काका, तिथं कुणी राहतच नाही हो," रसायनाच्या बाई हसून म्हणाल्या. खण निघाले, खिळ्यांची भोके मात्र अजून आहेत.

बाईंनी प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींना माझी नीट ओळख करून दिली. डावीकडून उजवीकडे अणुक्रमांक एकेकाने वाढतो. उभ्या रकान्यातली मंडळी एकाच घराण्यातली, स्वभावाने मिळतीजुळती. पहिल्या रकान्यातले धातू तापट. जितके खाली, तितका राग नाकावर. सतराव्यात उलटा न्याय, तिथे सर्वांत वरचाच जहाल. अठराव्यातले वायू मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. मावशींना हा सगळा गोतावळा तोंडपाठ झाला. त्या रोज मला पुसत आणि मी सुखात होते.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. "निम्मे खण रिकामे! ही अडगळ काढून टाकू," असे म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या टेबलावर उतरवल्या. खरे सांगते, मला रडू आले.

त्याच सकाळी सरांना सोडियम पाण्यात टाकून दाखवायचे होते. तेलात बुडवलेल्या धातूंच्या दोन बाटल्या होत्या, पण तेलाने दोन्हींवरची चिठ्ठी पुसून गेलेली. सरांनी अंदाजाने एक उचलली आणि वाटाण्याएवढा तुकडा कापला. मुले पाण्याच्या काचेच्या भांड्यावर अगदी ओणवी झाली होती.

"सर, थांबा!" मावशी ओरडल्या. "ती बाटली जरा इकडे द्या बघू."

इतक्या वर्षांत बाटल्यांच्या बुडांनी माझ्या खणांत तेलाची वर्तुळे उमटवली होती. मावशींनी ती बाटली पहिल्या रकान्यात, तिसऱ्या ओळीत, सोडियमच्या वर्तुळावर ठेवली. वर्तुळ मोठे पडले. मग त्यांनी ती एक खण खाली ठेवली. तिथे ती चपखल बसली.

"हे सोडियम नाही, सर. त्याच्या खालचं पोटॅशियम आहे हे, जास्त भडकू. एवढा तुकडा टाकलात तर भांडं फुटेल, आणि पोरं बघा कुठं उभी आहेत!"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मुलांना पार भिंतीशी नेले आणि टाचणीच्या डोक्याएवढा कण पाण्यात टाकला. तेवढाच कण जांभळ्या ज्योतीने पेटला आणि पाण्यावर सैरावैरा धावला.

शाळा सुटल्यावर सरांनी मावशींना विचारून एकेक बाटली परत माझ्यात ठेवली. आता दरवर्षी नव्या वर्गाला माझी ओळख मावशीच करून देतात, आणि सर मागच्या बाकावर बसून ऐकतात.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. वस्तू जिथून घ्याल, तिथेच परत ठेवा. आणि जुने काही टाकण्याआधी, जो ते रोज पुसतो त्याला एकदा विचारा.

परवा मला रंगवायला रंगारी आला होता. "आतले डाग तसेच ठेवू?" त्याने विचारले.

"तसेच ठेवा," सर म्हणाले. "आमच्या पोरांचे डोळे त्यांनीच वाचवलेत."