पावलाच्या पत्राचं शेवटचं पान

"मी हरलो, तर ही मिशी उतरवून रसेल मार्केटभर फिरेन," मी म्हटलं. "आणि अण्णा, तुम्ही हरलात, तर मी दाखवीन ती आज्ञा चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत पाळायची."

"सरी, ठरलं," देवपुत्र अण्णा म्हणाले आणि खुशीत माझ्या मिशीकडं बघत राहिले.

त्यांचं चर्च पाळत नाही अशी बायबलातली एक तरी आज्ञा मी दाखवायची, एवढीच पैज.

अण्णा म्हणजे शिवाजीनगरात माझ्या शिलाईच्या दुकानाचे कानडी शेजारी, चर्चमधले एल्डर, म्हणजे तिथले वडीलधारे पंच. त्यांची रूथ शाळेत शिकवते. पाद्रीसाहेबांनी तिला येत्या रविवारी चर्चमध्ये बायबलातला पाठ वाचायला सांगितला होता. पोरगी नुसती हरखली होती. अण्णांनी मोडता घातला. संत पावलानं लिहिलंय, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. लिहिलंय ते लिहिलंय. पाद्रीसुद्धा अण्णांना वचकून.

रूथ माझ्या बायकोजवळ, सत्यवतीजवळ येऊन रडली. मी विचारलं, "तुझ्या बापाला अडकवायला काही आहे का गं त्या पुस्तकात?"

तिनं डोळे पुसले. "येसाजीमामा, त्याच पावलाच्या पत्रांची शेवटची पानं बघा."

त्या बळावर मी पैज लावली, आणि संध्याकाळी दुकानापुढं गल्ली जमली. अण्णांच्या हातात त्यांचंच कन्नड बायबल होतं.

"रोमकरांना पत्र, शेवटचा अध्याय," मी म्हटलं. "वाचा."

वाचता वाचता अण्णा थांबले. चष्मा पुसू लागले.

"काय लिहिलंय, अण्णा?"

"भेटल्यावर एकमेकांचा पवित्र मुका घ्यावा," ते पुटपुटले.

"घेता?"

सोडावाला मानसिंग फिसकन हसला.

अण्णा चिडले. "अरे, तो त्या काळचा रिवाज. प्रेमानं भेटा, एवढाच अर्थ. आम्ही आता हात मिळवतो."

"पटलं. मग बायकांनी गप्प बसायचं, तो कुठल्या काळचा रिवाज?"

अण्णा पुस्तक घेऊन घरात गेले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस माझं तोंड बघायचा नाही.

शनिवारी मात्र दुकानात आले. "पुस्तकाचा मान कमी झालेला मला चालणार नाही, येसाजी."

"मी तर पाळायलाच सांगतोय."

"तेच छळतंय. माझ्या अडचणीचं ते त्या काळचं म्हणायचं, आणि बाकीचं पोरीच्या डोक्यात हाणायचं. खरं नाही ते." मग म्हणाले, "वाचू दे तिला. पदर मात्र डोक्यावर घेईल. स्वल्प तेवढं तरी राहू दे माझं."

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. रूथनं पदर घेऊन खणखणीत वाचलं. अण्णांचं बोट आपल्या पुस्तकातल्या ओळींवरून तिच्या आवाजाबरोबर सरकत होतं, चूक सापडते का बघत. सापडली नाही. शेवटी बोट थांबलं, तेव्हा म्हातारा हसत होता.

बाहेर दारात मी तयारच. मुद्दाम दाढी केली नव्हती, वर लसणाची चटणी खाऊन आलो होतो. अख्खी मंडळी जमली. अण्णांनी माझे खांदे धरले, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मानसिंगनं शिट्टी मारली.

मी निघालो, तर खांदे सुटेनात.

"थांब. पुस्तकात एकमेकांचा लिहिलंय," अण्णा म्हणाले आणि गाल पुढं केला. गालाला एरंडेल चोपडलेलं. त्यांच्या मागं चर्चमधले सगळे म्हातारे रांगेत उभे होते.