दिलं, घेतलं

“अहो, काच पोटाशी धरा! पाठीकडून उचललात तर मान मोडते त्याची!”

मी हमालांवर ओरडले आणि माझी मीच चपापले. हे वाक्य माझं नव्हतंच. जुना मॉनिटर उचलताना काच आपल्या पोटाकडे ठेवायची, मागची निमुळती मान बाहेर, हे ह्यांनी आमच्या गोदामात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगितलेलं. आज हे दाराजवळ खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, उजवा हात शालीखाली, आणि ओरडायचं काम माझ्याकडे आलं होतं.

सकाळी ह्या हमालांनीच त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच हे गोदामात आले. “ह्यांनाही काच पोटाशी धरूनच उतरवा,” असं मी म्हटलं तर हमाल हसले, हेही तोंडाच्या एका बाजूनं हसले. लेक मात्र हसली नाही. ती सकाळपासून फोनवर होती.

आमचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “म्हणजे भंगार?” भंगार नव्हे हो. जुने कॉम्प्युटर. हिरव्या अक्षरांचे, पोट सुटलेले, ज्यांना बघून आताची पोरं “हा टीव्ही आहे का?” असं विचारतात, ते. एखादं ऑफिस बंद पडायचं, एखादा टायपिंग क्लास गुंडाळला जायचा, की हे टेम्पो घेऊन जायचे आणि खोलीतलं सगळं एकदम उचलून आणायचे. त्याला लॉट म्हणायचं. मग गोदामात आम्ही दोघं ते पुसायचो, जुळवायचो, चालू करायचो. कुणी सिनेमाच्या सेटवर मांडायला न्यायचं, कुणी जुने खेळ खेळायला. आणि एखादं गिऱ्हाईक असं यायचं की त्याला आपल्या पहिल्या नोकरीत टेबलावर होता तस्साच एक हवा असायचा. ही असली गिऱ्हाइकं ह्यांची भारी लाडकी. त्यांना चहा मिळायचा. करायचा कुणी? मी.

मी ह्या मालाला डबडी म्हणायचे. “तुमची डबडी जिन्यापर्यंत आली.” “आता डबड्यांनाच वाढा जेवायला.” माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हे मान खाली घालून स्क्रू पिळत बसायचे. एकदा कपड्यांच्या कपाटात मला एक कीबोर्ड सापडला, माझ्या चांगल्या साड्यांखाली. म्हणाले, “अगं, तिथे धूळ लागत नाही.” काय बोलणार अशा माणसाला!

पण ह्यांचा एक नियम होता, आणि त्यापुढे मीही गप्प बसायचे. लॉट ठरला, कागदावर सही झाली, तरी देणाऱ्यानं तोंडानं “दिलं” म्हटल्याशिवाय हे एक वायर उचलायचे नाहीत. त्यानं म्हणायचं “दिलं”, ह्यांनी म्हणायचं “घेतलं”. मग व्यवहार पक्का. मग त्यातला एकही नग मागं ठेवायचा नाही. लॉट फोडायचा नाही म्हणजे नाही.

एका टायपिंग क्लासच्या बाई होत्या. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दुपारभर बसून राहिल्या, पण त्यांच्या तोंडून “दिलं” निघेना. हे समोरच्या बाकावर बसले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. बाई एकेका मशीनपाशी जाऊन तिथं कोण बसायचं, कोण रडायचं, कुणाचं लग्न कुणाशी जमलं ते सांगत होत्या आणि हे ऐकत होते. दिवे लागायच्या वेळी बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “दिलं हो.” घरी आल्यावर मी चिडले. सही होती ना, मग उपाशीपोटी बसून राहायचं काय कारण? हे म्हणाले, “अगं, सही हात करतो. दिलं माणूस म्हणतो.”

आणि आता हा माणूस काहीच म्हणू शकत नव्हता.

आजारात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, डोकं स्वच्छ आहे, जीभ ऐकत नाही. घशातून “अं” निघतो, बस्स. लेकीनं चांगला मोठा टॅब आणला, त्यावर बोट ठेवून लिहायला. पण ह्यांचा डावा हात थरथरतो. काचेवर बोट टेकायच्या आधीच चार अक्षरं उमटायची. दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनी तो टॅब पालथा घालून ठेवला. तेव्हापासून मान हलवणं हेच बोलणं. त्यातही घोळ असा की हे कशालाही हो म्हणून मान हलवतात. जेवलात? हो. झोपणार? हो. बिनसाखरेचा चहा आवडला? हो. ज्या माणसानं जन्मभर चहात साखर कमी म्हणून माझ्याशी वाद घातला, तो त्या कडू पाण्याला हो म्हणतो, तेव्हा त्या होकाराला काय अर्थ उरला!

म्हणून मला सकाळपासून घोर लागला होता. सगळं गोदाम द्यायचं लेकीनं ठरवलं. तिचं काही चुकत नव्हतं. जिना मला झेपत नाही, माल बघायला कोणी नाही, खालची जागा रिकामी झाली तर ह्यांची खोली तिथेच करता येईल. “बाबांना विचारलंय मी, हो म्हणाले,” असं ती दहादा म्हणाली. हो म्हणाले! जन्मभराचा माल माणसाच्या मनाविरुद्ध दारातून जायचा आणि आम्हाला ते कळायचंही नाही, ह्या विचारानं मला घास गेला नव्हता.

घेणारी आली तेव्हा माल मागच्या खोलीतून पुढे आणून लावला होता. टेम्पोत अजून काही चढलं नव्हतं. तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. कॉलेजात असल्यापासून ती ह्यांच्याकडे यायची, आता तिचा स्वतःचा ह्याच मालाचा धंदा आहे. ती आली आणि ह्यांच्या पायाशी खाली जमिनीवर बसली. मग म्हणाली, “काका, सगळा लॉट घेते. फोडणार नाही.”

ह्यांनी मान हलवली.

“मग दिलं म्हणा.”

तिनं मुद्दाम नव्हतं म्हटलं. सवयीनं गेलं तिच्या तोंडून. ह्यांच्याकडूनच शिकलेली ना ती. बोलून गेल्यावर तिचा चेहरा पडला.

ह्यांनी तोंड उघडलं. “अं,” झालं. पुन्हा “अं.” मानेच्या शिरा ताणल्या.

“मी म्हणते ना बाबांच्या वतीनं,” लेक घाईनं पुढे आली. “दिलं. झालं आता. चढवा हो माल.”

ह्यांनी डाव्या मुठीनं खुर्चीचा हात असा काही बडवला की हमाल जागच्या जागी थांबले. पुन्हा बडवला. डोळ्यांत पाणी आलं. हे लेकीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“आई, बाबांना द्यायचं नाहीये का?” लेकीनं विचारलं. “तसं असेल तर नको. परत पाठवते टेम्पो. पण मला कळायला नको का? मी काय वैरीण आहे त्यांची?” तिलाही रडू फुटलं. चष्मेवाली उठून म्हणाली, “काकू, मी पुन्हा कधीतरी येते. काकांनी सांगितल्याशिवाय मी वायर उचलणार नाही.”

कशी सांगणार होते हे? मी ह्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. हे माझ्याकडे नव्हते बघत. माझ्या पाठीमागे निळ्या पट्टीचा कॉम्प्युटर जोडून ठेवलेला होता आणि त्याच्यापुढे कीबोर्ड. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

गोदामात कीबोर्ड तपासायचं काम माझं होतं. लग्नानंतर वर एकच खोली, त्यात सासूबाई, सासरे, धाकटा दीर. नवऱ्याशी भांडायलासुद्धा जागा नव्हती. भांडण तुंबून राहायचं. एकदा हे म्हणाले, “ह्या पाटीवर काहीही बडव, सगळी बटणं चालतात का बघ.” मी जे मनात होतं ते बडवलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. “तुमची आई मला टोमणे मारते. तुम्ही गप्प बसता. मला माहेरी सोडा.” हिरव्या अक्षरांत माझं सगळं गाऱ्हाणं उमटलं. हे पाठीमागे येऊन उभे राहिले, वाचलं, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि खाली लिहिलं, “झालं?” मी हसले. ह्यांनी बटण बंद केलं. गाऱ्हाणं गेलं, कुठे साठलं नाही, कुणी वाचलं नाही.

तेव्हापासून तीच आमची रीत. प्रत्येक मशीन विकायच्या आधी मी त्यावर एक गाऱ्हाणं लिहायचे आणि हे “झालं?” विचारायचे. केवढी मशीनं गेली आमच्या हातून! त्या प्रत्येकावर मी एकदा ह्यांना बोलून घेतलंय. वर, घरात, आमचा आवाज कधी चढला नाही. सगळ्यांना वाटायचं, काय गुणी जोडपं आहे!

“लाव गं ते,” मी चष्मेवालीला म्हटलं. “वीज दे त्याला.”

“आई, आता हे काय?”

“थांब जरा.”

मॉनिटर आधी कण्हला, मग तापला, मग हिरवी रेघ लुकलुकू लागली. ह्यांची खुर्ची आम्ही टेबलाला लावली. मी उभ्यानंच लिहिलं, “सगळी बटणं चालतात. द्यायचं का?”

ह्यांनी डावा हात उचलला. बोट थरथरत होतं. पण ह्या जुन्या पाटीचं बटण नुसत्या स्पर्शानं उमटत नाही, त्याला चांगलं खाली दाबावं लागतं, खट्ट वाजावं लागतं. बोट बटणांवर फिरलं, थरथरलं, काही उमटलं नाही. मग खट्ट. मग पुन्हा खट्ट.

“दिलं.”

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. “घेतलं, काका,” म्हणाली. लेक बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. तिला वाटलं होतं तेच खरं निघालं होतं, तरी ती रडत होती. मला कळलं ते. हो म्हणणं आणि दिलं म्हणणं ह्यांतला फरक तिला आज पहिल्यांदा दिसला होता.

मी पुढे वाकून सवयीनं लिहिलं, “झालं?”

ह्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. बोट पुन्हा पाटीवर गेलं.

“नाही.”

आणि मग बाई गं, सुटले हे! एकेक अक्षर, एकेक खट्ट. “चहात साखर घाल.” “उशी कडक आहे.” “लेक माझ्याशी मोठ्यानं बोलते. मी बहिरा नाही.” लेक रडता रडता हसायला लागली. “शेजारचा रोज तब्येत विचारतो. त्याला आवर.” जन्मभर मी गाऱ्हाणी सांगितली आणि ह्यांनी ऐकली. एवढे महिने ह्या माणसानं आपली गाऱ्हाणी दाबून ठेवली होती आणि मी मात्र मान हलते म्हणून ठीक आहे असं समजत होते. मी पदर तोंडाला लावला. मला खूप हसू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

“काकू,” चष्मेवाली हळूच म्हणाली, “हा एक राहू दे तुमच्याकडे.”

खुर्चीचा हात दाणकन वाजला. हे मान हलवत होते, आडवी, जोरात. लॉट फोडायचा नाही. जीभ गेली तरी हट्ट तसाच!

“बाबा, अहो पण...” लेक म्हणाली.

मी तिला थांबवलं. पदर खोचला आणि चष्मेवालीपुढे जाऊन उभी राहिले.

“दिलं झालं, घेतलं झालं. म्हणजे आता माल तुझा ना?”

“हो.”

“मग मी गिऱ्हाईक. मला एक डबडं हवंय. निळ्या पट्टीचं, पाटीसकट. काय घेशील?”

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी हसली की चष्मा घसरला. “एक चहा, काकू. पण बिनसाखरेचा नको.”

“दिलं म्हण.”

“दिलं.”

“घेतलं,” मी म्हटलं. एवढी वर्षं ह्या मालाला शिव्या घातल्या आणि त्यातलं एक मशीन मी स्वतः होऊन मागून घेतलं. हे माझ्याकडे असे बघत होते की मला ह्या वयात लाजल्यासारखं झालं.

चहा झाला. ह्यांच्या कपात मी अर्धा चमचा साखर घातली, लेकीनं पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मग माल चढू लागला. टायपिंग क्लासच्या बाईंचे उरलेले गेले, बंद पडलेल्या बँकेचे गेले, पिवळे पडलेले, पांढरे राहिलेले, सगळे गेले. हमालांना मला काही सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी काच पोटाशी धरली होती.

टेम्पो वळला तेव्हा हे दाराकडे बघत नव्हते. गोदाम एवढं मोठं होतं हे मला माहीतच नव्हतं. जिथं जिथं मशीनं होती तिथं फरशीवर स्वच्छ चौकोन उरले होते, आणि आमचा नुसता श्वाससुद्धा घुमत होता. लेक वर गेली. मी झाडू घ्यायला वळले तर मागून आवाज आला, खट्ट.

मी वळून बघितलं. पडद्यावर हिरवं इंग्रजी अक्षर उमटलं होतं, “r”. मग बोट बराच वेळ शोधत राहिलं. खट्ट. “ri”. खट्ट. हळूहळू शब्द पुरा झाला, “रिकामं”. पुढे अजून काही लिहायचं होतं त्यांना.

मी झाडू भिंतीला टेकवला, एक स्टूल ओढलं आणि ह्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले. “झालं?” असं मी विचारलं नाही.