रजईखालचा सूर्य

समुद्राची देवी माझू, तिच्या देवळापुढच्या अंगणात त्या दुपारी सूर्याला झोपवण्याचं काम चाललं होतं. चार सौरपॅनेल मांडली होती आणि सगळा गाव घरच्या रजया आणून त्यांच्यावर टाकत होता. एका भाविकाने नव्या नवरीची लाल फुलांची रजईसुद्धा आणली होती, नवरी मागून ओरडत आली तरी.

"फट राहता कामा नये!" पिवळ्या झग्यातले तेजोगुरू ध्वनिक्षेपकावरून गरजले. "ऊन म्हणजे काय? ऊन म्हणजे सूर्याचा नुसता घाम! माझ्या सूर्यबीजाला वीज द्यायला घाम लागत नाही!"

"घाम!" लोकांनी हात जोडले.

गुरूंनी टाळी वाजवली. पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला आणि मोठ्या टबात ठेवलेलं मत्स्यतळ्यातलं हवाचक्र गरगरा फिरून पाणी उडवू लागलं. पुढची रांग चिंब भिजली. पुसायचं सोडून लोक ते पाणी डोळ्यांना लावू लागले.

पेइ-रुंग बॅग खांद्याला लावून उभी होती. ताओयुआन शहरातल्या कारखान्यात ती इन्व्हर्टर तपासण्याचं काम करायची. वडिलांचा, फू-शेंगचा, फोन आला म्हणून सुट्टी काढून ती गावी आली होती.

"बाबा, आपला जनरेटर कुठाय?"

"गुरुजींच्या ट्रकवर चढवलाय की. गुरुजी म्हणतात, सूर्यबीज हवं तर धुराचं यंत्र घराबाहेर काढा. दोघं एकत्र नांदत नाहीत."

"आणि वीज गेली तर?"

"आता कशाला जाईल? रजईखालीसुद्धा येतेय, दिसत नाही का?"

घरचा धंदा मत्स्यपालनाचा. त्यांच्या तळ्यात मासे खच्चून भरलेले. हवाचक्रं थांबली की पाण्यातली हवा संपते आणि मासे तडफडून मरतात. मागे एका वादळात वीज गेली होती, जनरेटरही बिघडला होता. सकाळी तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं होतं आणि आई जाळीने ते उपसत बसली होती.

"देवीला तरी विचारलंत का?"

"विचारलं ना," देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या आ-लान मावशी पुढे आल्या. "जनरेटर द्यायचे का, म्हणून कौलाचे ठोकळे टाकले. दर वेळी दोन्ही ठोकळे उताणे! म्हणजे देवी हसत होती गं."

"देवी हसली म्हणजे प्रश्न मूर्खपणाचा असतो, मावशी."

"गुरुजी म्हणाले, आनंदाने हसतेय."

इन्व्हर्टरशेजारी पिवळ्या रेशमी कापडाखाली कपाटाएवढं काहीतरी होतं. ते सूर्यबीजाचं आसन. त्यावर उदबत्त्या, संत्री, अननस आणि मक्याच्या खाऊची एक हिरवी पुडी.

पेइ-रुंगची नजर पुडीवरच अडकली. देवाला हा खाऊ कुणी वाहत नाही. तो ठेवतात यंत्रांवर, त्यांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी आणि तारीख उलटलेली नको. पेइ-रुंगच्या कारखान्यातल्या यंत्रावरही एक होती. कुणी चिडवलं तर ती लाजायची, पण पुडी काही हलवायची नाही. म्हणजे या कापडाखाली देव नव्हता. गुरूंच्या माणसाने सवयीने यंत्राला खाऊ दिला होता.

ती जवळ गेली. कापडाखालून गरम हवा येत होती आणि पंख्याची रोजची ओळखीची घरघर.

"गुरुजी, पॅनेलच्या वायरी उपटल्या तर?"

गुरू काही बोलायच्या आत तिने वायरी ओढल्या. त्यांची दुसरी टोकं कशालाच जोडलेली नव्हती. चक्र फिरतच राहिलं.

"बघा!" पेइ-रुंग ओरडली.

"बघितलं!" गाव त्याहून मोठ्याने ओरडला. "वायरीशिवाय वीज! गुरुजींचा विजय असो!"

गुरूंनी तत्परतेने आशीर्वादाचा हात वर केला.

पेइ-रुंगने कपाळावर हात मारला आणि कापडच खेचलं. आत पडदा, बटणं आणि जाळीचे पंखे असलेलं राखाडी यंत्र होतं.

"हा ढग आला," ती बटण दाबत म्हणाली. चक्र मंदावलं.

"सूर्यबीज रुसलं!" गुरू किंचाळले.

"ही संध्याकाळ." चक्र थांबायला आलं. "आणि हे दुपारचे बारा." पाणी पुन्हा उसळलं.

मग एक म्हातारा तिच्या पायांशी वाकला. "पोरीच्या अंगात सूर्य आलाय रे!"

बघता बघता रांग लागली. आ-लान मावशींनी तर आपल्या गुडघ्यांना थोडं कोवळं ऊन मागितलं.

"उठा आधी!" पेइ-रुंगचा आवाज फाटला. तिला रडू येत होतं, त्याहून जास्त राग. "माझ्या अंगात काही आलेलं नाही. माझ्या पाया पडू नका, या वायरीच्या मागे चला!"

यंत्राच्या पाठीतून जाड काळी वायर निघाली होती. पेइ-रुंग पुढे, मागे फू-शेंग, मागे सगळा गाव. वायर सतरंजीखालून, उदबत्तीच्या कुंडामागून, देवळाच्या स्वयंपाकघरात गेली आणि भाताच्या विजेच्या कुकरशेजारी भिंतीत घुसली.

"काढा, बाबा. तुम्हीच काढा."

फू-शेंगने प्लग उपटला. बाहेर चक्र गप्प झालं.

"म्हणजे ही… आपलीच वीज?"

"आपलीच. कारखान्यात हवं तेव्हा ऊन मिळत नाही, म्हणून आम्ही असं यंत्र ठेवतो. ते भिंतीतली वीज घेतं आणि उन्हातल्या पॅनेलकडून जशी येते तशी करून इन्व्हर्टरला देतं. सकाळ, दुपार, ढग, सांगाल ते. इन्व्हर्टरला फरक कळत नाही. भिंतीतली वीज गेली, की हा सूर्यही मावळतो. म्हणजे नेमका तेव्हाच, बाबा, जेव्हा तुम्हाला जनरेटर लागतो."

फू-शेंगने हातातला प्लग खाली टाकला. "मी सगळं तळंच देऊन बसलो होतो गं."

अंगणात ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. गुरूंना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं होतं. झगा गोळा करून ते चढू लागले तेवढ्यात नवरी चाकापुढे ठाण मांडून बसली आणि बाकीचे जनरेटर उतरवायला धावले.

"गुरुजींची शक्ती तेवढी खरी असेल ना पण?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"असेलही, आजोबा," पेइ-रुंग म्हणाली. "पण शक्ती खरी असली तर प्लग काढल्यावरही टिकेल. कुणीही चमत्कार दाखवला, की आधी प्लग काढा. देवी त्याला रागवायची नाही."

फू-शेंगने आपल्या जनरेटरची दोरी ओढली. यंत्र खोकलं, धडधडलं आणि त्याच्या तोंडावर काळा धूर सोडला. तो धुरातच उभा राहिला, डोळे पुसत, आणि दोरी काही त्याने हातातून सोडली नाही.